लग्नपत्रिका घरी छापताना घडीवर रंग तडकतो, काय करावे?

रेघोट्या
घरच्या इंकजेटवर १५० पत्रिका छापायच्या आहेत. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ची पत्रिका, कागद २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), दोन्ही बाजूंनी मॅट. नमुन्यात तीन अडचणी दिसतात. मुखपृष्ठ गडद मरून आहे, ते घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. छापलेल्या भागावर बारीक ठिपक्यांच्या रांगा उमटतात. आणि ‘होणाऱ्या’ हा शब्द नीट येत नाही. पातळ कागद घेणे हाच उपाय आहे का?

कागदपेटी
कागद बदलू नका, त्याची दिशा बदला. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात, त्याला ग्रेन म्हणतात. बाजारातल्या ए४ कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असतो. तुमची घडी आडवी, म्हणजे २१० मिमी बाजूला समांतर. त्यामुळे तंतू आडवे मोडतात आणि वरचा रंग फुटतो. खात्री करायची तर कागदाचा छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळतो, तीच ग्रेनची दिशा.

उपाय असा: त्याच कागदाचे ए३ ताव घ्या आणि मधोमध कापून ए४ करा. आता ग्रेन २१० मिमी बाजूला समांतर येतो, म्हणजे घडी ग्रेनच्या दिशेनेच पडते. १५० पत्रिकांना ७५ ताव लागतील, पण ८५ घ्या; दोन्ही बाजूंची छपाई जुळवण्यातच काही कागद जातात. कापणी शक्यतो छापखान्यातल्या कटिंग मशीनवर एका दमात करून घ्या. कोपरा काटकोनात नसेल तर प्रिंटर कागद तिरका ओढतो.

तरीही दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणे, हवेच. स्टीलची पट्टी, खाली थोडे मऊ कटिंग मॅट आणि बोन फोल्डर (कागद दाबायची बोथट, गुळगुळीत पट्टी) किंवा शाई संपलेले बॉलपेन. कटरच्या पात्याची मागची बाजू वापरू नका, तिने तंतू कापले जातात. रेघ मुखपृष्ठाच्या बाजूने ओढा. आतल्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या पोटात जायला हवा. बरेच जण नेमके उलटे, खाचेच्या दिशेने दुमडतात, मग बाहेरचा पृष्ठभाग ताणला जाऊन फुटतो. क्रीझिंग छपाईनंतर दुसऱ्या दिवशी करा, ओलसर शाई दाबाने निघते.

आणखी एक: इंकजेटची शाई वरच्या थरातच असते, त्यामुळे इतका गडद रंग घडीवर थोडा तरी तडकलेला दिसणारच. मुखपृष्ठाचा रंग घडीपासून ३ मिमी अलीकडेच थांबवला तर प्रश्न मुळातूनच मिटतो.

पानपट्टी
ए५ कागद दुमडून ए६ पत्रिका केली तर? साध्या ए४चे दोन तुकडे केले की घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने येते आणि कागदही निम्मा लागतो.

कागदपेटी
दिशा बरोबर आहे. पण ए६ म्हणजे १०५ × १४८ मिमी. दोन्ही घरांची नावे, मुहूर्त आणि पत्ता ११ पॉइंटाखाली न जाता त्यात बसवणे कठीण. मजकूर थोडका असेल तरच.

शाईदौत
ठिपके प्रिंटरच्या दातेरी चाकांचे आहेत. ओल्या गडद शाईवर ती चाके फिरतात. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘मॅट’ निवडा. ‘साधा कागद’ ठेवला तर शाईचे प्रमाण चुकते. जाड कागदाचा पर्याय असेल तर तोही चालू करा. मागचा ट्रे असल्यास एकेक कागद तिथूनच द्या. पुढच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळून जातो आणि २५० जीएसएमला ते झेपत नाही. एक बाजू छापली की लगेच पाठीमागची घेऊ नका, कागद सुटे पसरून वाळू द्या. घरच्या प्रिंटरमध्ये दोन बाजूंची छपाई १-२ मिमी सरकते, म्हणून कडेला बारीक चौकट टाकणे टाळा. तिरकेपणा तिथेच पहिल्यांदा दिसतो.

काना_मात्रा
‘ऱ्या’साठी र नव्हे, नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, मग हलन्त, मग या. साधा र घेतला तर रफार येतो. तेवढ्याने सुटले नाही तर दोष सॉफ्टवेअरचा. लिब्रेऑफिस किंवा इंकस्केपमध्ये युनिकोड फाँट वापरा, जोडाक्षरे नीट बसतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, पत्रिकेला ते शोभतात. ओळींमधले अंतर फाँटच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. छापायला पीडीएफ घ्या, फाँट त्यात एम्बेड करा (फाईलमध्येच साठवा) आणि छपाई १०० टक्के मापात द्या. ‘पानात बसवा’ निवडले की मजकूर आक्रसतो आणि घडीशी जुळत नाही.

रेघोट्या
ए३चे सांगितलेत, फार उपयोग झाला. पाकीट कोणत्या मापाचे? आत नकाशाचा वेगळा कागदही घालायचा आहे.

कागदपेटी
सी५, म्हणजे १६२ × २२९ मिमी. नकाशा १०० जीएसएमवर छापा आणि पत्रिकेपेक्षा चारही बाजूंनी २ मिमी कमी कापा, नाहीतर तो बाहेर डोकावतो. चिकटवायचा असेल तर एकाच कडेला, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून. पातळ पाणचट गोंदाने कागद फुगतो.