मदत हवी आहे: 1909 सालची काल्पनिक ब्रिटिश बॅटलशिप, कोळशावर 25 नॉट जमतील का?

नमस्कार मंडळी,

'ओरायन' या बॅटलशिपचं चिलखत आणि 'लायन' या वेगवान पण पातळ चिलखताच्या बॅटलक्रूझरच्या जवळ जाणारा वेग एकाच जहाजात बसवायचा प्रयत्न चालू आहे. जहाज काल्पनिक आहे, पण एक नियम कटाक्षाने पाळतोय: त्यात जे जे वापरायचं ते 1909 साली ब्रिटिश गोद्यांमध्ये आणि कारखान्यांत मिळत असलंच पाहिजे. म्हणजे 15 इंची तोफ नाही, गिअरची टर्बाइन नाहीत, आणि फक्त तेलावर चालणारे बॉयलरही नाहीत.

1909 च का, तर जर्मनीच्या धास्तीने त्या वर्षी ब्रिटनने एकदम आठ मोठी जहाजं मंजूर केली आणि त्यांतच दोन टोकं दिसतात. ओरायन 22,200 टनांची, दहा 13.5 इंची तोफा, 12 इंचांचा पट्टा (म्हणजे दोन्ही बाजूंचं चिलखत), 27,000 अश्वशक्ती आणि 21 नॉट. लायन 26,270 टनांची, त्याच जातीच्या आठ तोफा, पण पट्टा 9 इंच, अश्वशक्ती 70,000 आणि 27 नॉट. मधलं जहाज कुणी बांधलंच नाही. खरं तर बॅटलशिप आणि आर्मर्ड क्रूझर एकत्र करायचा विचार ब्रिटिश नौदलप्रमुख फिशर यांनी 1905 च्या अखेरीसच मांडला होता. तो खर्चापायी मागे पडला, याची मला अजून हळहळ वाटते.

माझा आराखडा असा. ओरायनचा मधला क्यू टरेट (तोफांचा फिरता बुरूज) काढून टाकायचा आणि ती जागा बॉयलरना द्यायची. पुढे दोन टरेट, मागे दोन, एकामागे एक चढते. लांबी 640 फूट, रुंदी 90, बूड 28 फूट पाण्यात, वजन 25,500 टन. पट्टा 12 इंच, दुय्यम तोफा 4 इंची सोळा, 60,000 अश्वशक्ती, चार पंखे. स्प्रिंगशार्पमध्ये (जहाजाचा आराखडा तपासणारा संगणक प्रोग्रॅम) हे आकडे भरले तर वेग 25 च्या आसपास येतो, पण सांगाड्याची मजबुती 0.93 दाखवतो. ती 1.00 च्या वर न्यायची आहे.

आता अडचण. मधला टरेट काढायची युक्ती 1912 मध्ये 'क्वीन एलिझाबेथ'साठी खरोखर वापरली गेली. पण तिथे तोफ मोठी झाली होती. 15 इंची आठ गोळे, प्रत्येकी 1,920 पौंड, म्हणजे एका फैरीत 15,360 पौंड. ओरायनच्या दहा तोफांची फैर 1,250 पौंडांच्या गोळ्यांनी 12,500 भरते. तिथे टरेट गेला तरी मारा वाढला. माझ्याकडे तोफ तीच राहते, म्हणून फैर थेट 10,000 वर येते. चार नॉटांसाठी पाचवा हिस्सा मारा सोडायला नौदलाचा कारभार पाहणारी त्या वेळची अ‍ॅडमिरल्टी तयार झाली असती का? आणि वजन कुठून कमी करू? पट्ट्याला हात लावायचा नाही, बाकी काहीही सुचवा.

दर्यावर्दी:
आधी वेगाबद्दल. स्प्रिंगशार्पच्या 25 वर विसंबू नका. क्वीन एलिझाबेथला 75,000 अश्वशक्ती आणि तेलाचे बॉयलर देऊनही प्रत्यक्षात 24 नॉटांच्या आसपासच वेग मिळाला, आणि तिची लांबी जवळपास तुमच्याएवढीच होती. लायन 700 फूट लांब उगाच केली नव्हती. तुम्ही 24 लिहा आणि निर्धास्त राहा. जर्मन रांगेचं टोक वळवायला 21 नॉटांच्या ताफ्यापेक्षा तीन नॉट जास्त पुष्कळ झाले.

वजनाचं म्हणाल तर तुमचा खरा शत्रू बॉयलर आहेत. ब्रिटिश मोठ्या जहाजांत जाड नळ्यांचे बॉयलर असत. ते दणकट, साफ करायला सोपे, दूरच्या बंदरांत महिनोन्‌महिने चालणारे, पण अवजड आणि जागाखाऊ. लायनमध्ये असे 42 बसवले होते. जर्मनांनी बारीक नळ्यांचे घेतले. त्यांची 'मोल्टके' बघा, तुमच्याच काळातली: सुमारे 23,000 टन, दहा 11 इंची तोफा, 270 मिलिमीटरचा पट्टा, कोळशाचे 24 बॉयलर. आराखड्यात 52,000 अश्वशक्ती आणि 25.5 नॉट, चाचणीत मात्र 28 च्या वर गेली. तुम्ही शोधताय ते जहाज जवळपास हेच, फक्त तोफा लहान.

आणि तुमचा नियमही मोडत नाही. बारीक नळ्यांचे बॉयलर 1909 साली ब्रिटिश विनाशिकांत सर्रास होते. मोठ्या जहाजात ते पहिल्यांदा आले ते 'करेजस' वर्गाच्या जहाजांत, म्हणजे थेट पहिल्या महायुद्धात. देखभालीची भीती आड आली, तंत्र नाही. तुमच्या काल्पनिक जगात अ‍ॅडमिरल्टीने एवढं एक धाडस केलं असं धरा. वाचलेलं वजन सगळं सांगाड्यात घाला, आणखी अश्वशक्तीच्या मोहात पडू नका.

गंधकधूर:
दर्यावर्दी यांच्याशी सहमत. माझे दोन मुद्दे, जे स्प्रिंगशार्प सांगणार नाही.

पुढची डोलकाठी धुराड्याच्या पुढे ठेवा. ओरायन आणि लायन दोघींची ती धुराड्यामागे होती. लायनच्या चाचण्यांत काठीवर बसून नेम पाहणाऱ्यांना धूर आणि धग इतकी लागली की 1912 मध्ये धुराडं आणि काठी दोन्हींची मांडणी बदलावी लागली. तुमचे जास्तीचे बॉयलर त्याच धुराड्याला जोडले तर वर बसून गोळा कुठे पडला ते दिसणारच नाही.

दुसरं, चढत्या टरेटांवरून समोर चार तोफा मिळतील असं समजू नका. ब्रिटिश टरेटांच्या छतावर पुढच्या बाजूला नेमबाजांच्या खिडक्या असत. वरच्या तोफांचा झोत थेट त्यांत शिरे, म्हणून वरच्या टरेटला नाकासमोर मारा करायची मनाई होती. खिडक्या छतावरून काढून समोरच्या चिलखतात आणल्या तर प्रश्न सुटतो. 1909 मध्ये त्याला कुठलीच तांत्रिक आडकाठी नव्हती.

मांडवी:
रुंदी 88 फुटांवर आणा बघू. त्या वेळी 90 फुटी जहाज घेणाऱ्या सुक्या गोद्या बोटांवर मोजण्याइतक्या. खोल बसलेलं, खराब झालेलं जहाज दुरुस्तीला नेणार कुठे? संसद जहाजाला पैसे देते, गोदीला देताना हात आखडते.

धागाकर्ता:
दर्यावर्दी, गंधकधूर, मांडवी, तिघांचेही मनापासून आभार. बारीक नळ्यांचे बॉयलर घेतले, अश्वशक्ती 55,000 केली, वेग 24 लिहिला, रुंदी 88.5 फूट, म्हणजे ओरायनएवढीच. मजबुती आता 1.01 येते. डोलकाठी पुढे आणली आणि खिडक्या टरेटच्या तोंडाशी.

एक गोष्ट उरली. बॉयलर कमी झाल्यावर बॉयलरखोल्यांच्या बाजूचे कोळशाचे कोठे मला अरुंद करता येतील, पण करावेत का? त्या कोळशाचा थर टॉर्पेडोच्या आणि गोळ्यांच्या आड येतो. उलट जाड कोठ्यांतला कोळसा आत ओढून भट्टीपर्यंत आणायला जास्त माणसं लागतात, आणि पूर्ण वेगात आगवाले तासा-दोन तासांत थकतात. सध्या प्रत्येक बाजूला 12 फूट जाडीचा कोठा ठेवलाय आणि कोळसा 3,200 टन. 9 फुटांवर आणला तर 400 टन कोळसा जातो, पण त्याबदली पाण्याखाली दारूकोठारांच्या बाजूला दीड इंची पोलादी पडदा घालता येतो. कुणी या दोन्हींची तुलना केली असेल तर आकड्यांसकट लिहा.