पाडणे, नाकारणे, पाठ फिरवणे : लोकसभेच्या निकालाची क्रियापदं

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं की एक वाक्य हमखास भेटतं : ‘मतदारांनी अमुक पक्षाला नाकारले.’ पक्ष बदलतो, वर्ष बदलतं, क्रियापद तेच. मला ते बरेच दिवस खटकतंय. एकतर मतदार स्वतः ते कधी वापरत नाही.

२०२४ च्या लोकसभेला मी मतमोजणीला काउंटिंग एजंट म्हणून बसले होते. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टेबलावर कर्मचारी. कंट्रोल युनिटवर निकालाचं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचा आकडा येतो, आम्ही तो कागदावर उतरवून घेतो, मग पुढचं यंत्र. दिवसभर कानावर काय पडलं? ‘बूथ मायनस गेला’, ‘लीड तुटलं’, ‘आपल्याच गावानं पाडलं’. एका टेबलाशी एक म्हातारे कार्यकर्ते कागदावरचं पेन उचलून नुसते बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘ठरवून पाडलंय.’ ‘नाकारलं’ असं दिवसभरात एकदाही कुणाच्या तोंडून आलं नाही.

नाकारणे म्हणजे समोर देऊ केलेली वस्तू न घेणं. पद नाकारलं, पुरस्कार नाकारला, आहेर नाकारला. त्यात ‘नको’ म्हटलं की विषय संपतो. असं निव्वळ ‘नको’ मतदान यंत्रावर एकाच बटणाला म्हणता येतं, नोटाला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ते आलं आणि २०१४ च्या लोकसभेत सुमारे ६० लाख लोकांनी दाबलं. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला, तेव्हा तिथे नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं पडली. तरी नोटामुळे लोकसभेत कुणी हरत नाही. उरलेल्यांत ज्याची मतं जास्त, तो खासदार. म्हणजे जिथे खरोखर नाकारणं घडतं तिथे कुणी पडत नाही, आणि जिथे पडतो तिथे नुसतं नाकारून भागलेलं नसतं.

पाडणे हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला ‘उभा राहतो’, म्हणून तो ‘पडतो’. आणि ‘पाडला’ म्हटलं की पाडणारा कुणीतरी असावाच लागतो. शिवाय एकाला पाडायचं तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढचं बटण दाबावं लागतं, मग तो फारसा आवडता नसला तरी. १९७७ घ्या. जनता पक्ष निवडणूक तोंडावर आल्यावर घाईने एकत्र आलेला. पण आणीबाणीतली अटकसत्रं, वृत्तपत्रांवरची बंधनं आणि उत्तरेत सक्तीची नसबंदी एवढी अंगावर आली होती की उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून जास्त मतांनी पडल्या. आणि त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात काँग्रेस ४२ पैकी ४१ जागांवर निवडून आली! तेव्हा ‘देशाने काँग्रेसला नाकारले’ हे वाक्य १९७७ पुरतंसुद्धा खरं नाही. उत्तरेने पाडली, हे खरं.

आपल्याजवळचं उदाहरण २०२४ चं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या सभांतून ‘पाडा’ हा शब्द घोषणेसारखा फिरला, आणि मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीच्या हातून गेल्या. नाशिक आणि दिंडोरीत कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता. बंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली, उठली मे २०२४ मध्ये, म्हणजे तिथल्या मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. तोवर लोकांचं ठरून गेलं होतं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या.

आता खरी अडचण. मतं फारशी हललीच नाहीत पण जागा गेल्या, याला मराठीत काय म्हणायचं? महाराष्ट्रात भाजप २०१९ च्या २३ जागांवरून २०२४ ला ९ वर आला, पण मतांचा वाटा गेला २७.८ टक्क्यांवरून २६.२ वर. २०१४ ला बसपा मतांच्या टक्केवारीत देशात तिसरा पक्ष होता, ४ टक्क्यांच्या वर मतं, आणि जागा शून्य. १९८९ ला काँग्रेसला ३९.५ टक्के मतं मिळाली, तिची सत्ता गेली. २०१४ ला भाजपला ३१ टक्के मिळाली आणि एकट्याचं बहुमत आलं. ३९.५ टक्क्यांना ‘नाकारले’ म्हणणं हे त्या पक्षापेक्षा त्याला मत देणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे. आकडे मी खूपदा पडताळलेत, शब्द मात्र सापडत नाही. सुचवा.

प्रतिसाद :

ताई, ‘मार बसला’ चालेल की. गावाकडे ‘सपाटून मार खाल्ला’ आणि ‘मार बसला’ यांत फरक करतात. पहिल्यात खाणाऱ्याची चूक, दुसऱ्यात बसणं बाहेरून आलेलं : मतविभागणीचा मार बसला, बंडखोरीचा मार बसला. तुमच्या भाजपच्या आणि बसपाच्या उदाहरणाला हेच लागू होईल.

माझं भांडण ‘पानिपत’शी आहे. दर निकालाला कुणाचं ना कुणाचं पानिपत होतं. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते शत्रूशी लढताना झालं. त्या शब्दाच्या मागे उपाशी फौज आहे आणि घरोघरची माणसं गेल्याचं दुःख आहे. निवडणुकीत समोर अब्दाली नसतो, आपलाच मतदार असतो. त्याने पाच वर्षं वाट बघितलेली असते. पानिपतावरून काही उचलायचंच असेल तर ‘विश्वास पानिपतात गेला’ हे आपलं जुनं वाक्य उचला. पक्ष पडण्यामागचं कारण त्यात निदान नेमकं सांगितलेलं आहे.

प्रतिसाद :

‘धुव्वा’, ‘धूळधाण’, ‘भुईसपाट’ हे सगळे अंदाजाने वापरायचे शब्द. कायद्याने मोजलेला शब्द एकच : डिपॉझिट जप्त. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत की लोकसभेच्या उमेदवाराचे २५,००० रुपये जातात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे १२,५००. म्हणून ‘दारुण पराभव, डिपॉझिटही वाचले नाही’ असं लिहिलं तर ते तपासता येतं. डिपॉझिट वाचलेल्या उमेदवाराचा ‘धुव्वा’ उडाला असं मी तरी छापणार नाही.

आणि ‘सुपडा साफ’ हिंदीतून आलाय. आपल्याकडे सूप वाजतं, आणि ते कार्यक्रम संपल्यावर. दोन्ही एकत्र करून कुणीतरी ‘पक्षाचे सूप वाजले’ लिहिलेलं परवाच वाचलं. कृपा करून नको.

प्रतिसाद :

अँटी-इन्कम्बन्सीला ‘प्रस्थापितविरोधी लाट’ लिहितात, तेही चुकतं. मराठीत प्रस्थापित म्हणजे सत्तेत असलेला नव्हे, जम बसलेला. साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था हातात असलेलं घराणं दहा वर्षं विरोधी पक्षात बसलं तरी प्रस्थापितच राहतं, आणि नवखा खासदार सत्ताधारी असूनही प्रस्थापित नसतो. ‘सरकारवरची नाराजी’ म्हणावं. लोक तर सरळ ‘माज आला होता, उतरवला’ म्हणतात. माज हा मूळचा जनावरांसाठीचा शब्द. गाय माजावर येते तो काळ ठरावीक असतो आणि आपोआप उतरतो. सत्तेचा आपोआप उतरत नाही, उतरवावा लागतो, असं बोलणाऱ्याच्या मनात असतं. २००४ ला ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती चालू असताना सत्ताधाऱ्यांना आपण पडू अशी शंकाही नव्हती. भाजप १८२ वरून १३८ वर आला. आपलं काय चाललंय हे त्या जाहिरातींत लोकांना दिसतच नव्हतं. तिथे ‘गृहीत धरलं’ हा शब्द बसतो. हरण्याची कारणं शोधताना मी आधी हा शब्द लावून बघतो, बहुतेक वेळा बसतोच.

माझा प्रश्न : ‘जनादेश’ की ‘कौल’?

मूळ लेखिका :

‘मार बसला’ घेतला, आभारी आहे काका. डिपॉझिटचा मुद्दाही पटला. ‘पाठ फिरवणे’ शीर्षकात घेतलं आणि लिहायचं राहिलं. ते घरी बसलेल्यांसाठी राखून ठेवावं. २०२४ ला देशात मतदान ६५.७९ टक्के झालं, म्हणजे तिघांतला एक आलाच नाही. त्यातले किती जण कुठल्या पक्षावर रुसून बसले होते हे आकडा सांगत नाही. म्हणून ‘मतदानाकडे पाठ फिरवली’ लिहावं, ‘पक्षाकडे’ नको.

जनादेश की कौल? माझं मत निःसंशय कौलाला. आदेश वरून खाली येतो आणि एकदा दिला की पाळायचा असतो. कौल हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘शब्द’, ‘वचन’. जुन्या कागदांत कौलनामे भेटतात. गाव ओस पडलं, रयत परागंदा झाली, की सरकार कौल देऊन तिला परत बोलवायचं : या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा कमी घेऊ, पुढे थोडाथोडा वाढवत नेऊ. हा इस्ताव्याचा कौल. त्या भरवशावर लोक परत नांगर धरायचे, आणि कौल मोडला तर पुन्हा गाव सोडायचे. दुसरा कौल कोकणातला, देवाला लावायचा. मूर्तीवर पाकळ्या किंवा तांदूळ लावतात, उजवीकडून पडलं तर होकार, डावीकडून पडलं तर नकार. त्यातही देव रागावला असं कुणी म्हणत नाही. आत्ता नाही, एवढाच अर्थ घेतात.

या दोन्हींत मला पहिला जास्त जवळचा वाटतो. तेव्हा कौल राजा रयतेला द्यायचा. आता रयत राज्यकर्त्याला देते, मुदत पाच वर्षांची. १९७७ ला उत्तरेने तो काढून घेतला, १९८० ला परत दिला, आणि काँग्रेस देशभरात ३५३ जागांवर निवडून आली. ‘नाकारले’ या शब्दात हे परत देणं मावत नाही, कौलात मावतं. १९८९ साठी मी ‘काँग्रेसला कौल मिळाला नाही’ असं लिहीन, १९७७ च्या उत्तर प्रदेशासाठी ‘पाडलं’, आणि २०२४ च्या महाराष्ट्रातल्या भाजपसाठी आता ‘मार बसला’.

लिंग मात्र सांभाळा. मतदारांचा तो कौल, अनेकवचनही कौलच. छपरावरचं ते कौल, अनेकवचन कौलं. ‘राज्याराज्यांतून वेगवेगळी कौले मिळाली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला छप्पर दिसतं.