गावात सगळेच ‘मेजर’! फलकावर सैनिकांचे हुद्दे कसे लिहायचे? (मदत हवी आहे)

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी, जरा घाईचं काम आहे.

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. शाळेसमोर ग्रॅनाइटचा फलक बसवायचा ठरलंय, गावातल्या आजी-माजी सैनिकांचा आणि हुतात्म्यांचा. वर्गणी जमली आणि नावं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरोघरी फिरून वही भरली नि आता डोकं धरून बसलोय. ३४ नावं, त्यातले ११ ‘मेजर’! आमच्याकडे सुट्टीवर आलेल्या कुणालाही “काय मेजर, कधी आलासा?” असंच विचारतात. त्यामुळे घरच्यांनीही बिनदिक्कत तेच सांगितलं. एका घरी ‘हवालदार मेजर’, शेजारी ‘सुभेदार मेजर’. पलीकडच्या गल्लीतले ‘कॅप्टन’ शिपाई म्हणून भरती झाले होते हे मला पक्कं ठाऊक आहे, मग कॅप्टन कसे झाले?

आणखी एक घरचीच अडचण. माझ्या आज्जांचं डिस्चार्ज बुक आईच्या ट्रंकेत सापडलं. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण हुद्दा स्पष्ट वाचता येतो: जमादार. १९५८ ला पेन्शनीत आले. आई म्हणते, “हे दगडावर घालू नको, लोक झाडूवाले समजतील. नुसतं सैनिक लिही.”

शुक्रवारी कारागीर अक्षरं कोरायला घेणार. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे, पण हुद्दे दोन्हीकडे जवळपास सारखेच, तेवढाच एक त्रास वाचला. ऑफिसर नेमका कुठून सुरू होतो, कुणी सांगेल का?

कॅम्पातला पेन्शनर:
पोरा, आधी आईला सांग, आज्जा साहेब होते म्हणून. आजचा नायब सुभेदार म्हणजेच तेव्हाचा जमादार. नाव बदललं १९६५ मध्ये. तुझे आज्जा त्याआधीच घरी आले, म्हणून पुस्तकात जुना शब्द आहे. ‘जमादार’ असंच कोर आणि पाहिजे तर पुढे कंसात ‘आताचे नायब सुभेदार’ घाल. पण पुसू नको.

आता बाकीचं. फौजेत मोठे गट तीन. खाली शिपाई आणि त्याच्यातूनच वर आलेले लान्स नाईक, नाईक, हवालदार. या तिघांना एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर) म्हणतात. त्यांच्या वर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर): नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. त्याच्या वर ऑफिसर: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मग जनरल मंडळी. जेसीओ हा मधला गट इंग्रजांच्या काळापासूनचा. तेव्हा त्यांना व्हाइसरॉयचं कमिशन असायचं. गोऱ्या ऑफिसरला जवानांची भाषा, घरची दुखणी, सणवार काय कळणार? ते सगळं सुभेदार साहेब सांभाळायचे. पलटणीत आजही जवान रजेचं रडगाणं घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो.

तुझा घोळ ‘मेजर’ या शब्दानं झालाय. सुभेदार मेजर हा जेसीओतला सगळ्यात वरचा हुद्दा, पण तो मेजर नव्हे. हवालदार मेजर हा तर हुद्दाच नाही, ती कंपनीतल्या एका हवालदाराची नेमणूक. फलकावर ‘हवालदार’ लिही.

कागद नसतील तर युनिफॉर्मातला फोटो माग. दंडावर इंग्रजी व्ही सारख्या फिती असतील तर एक म्हणजे लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर तारे आणि खाली आडवी रंगीत पट्टी, म्हणजे जेसीओ. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो, मेजरच्याही असतो. फरक त्या पट्टीचा. मेजरला ती नसते.

खानापूरवाला:
काका, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पुस्तक मात्र ट्रंकेतून काढून देव्हाऱ्याजवळ ठेवलंय. कॅप्टन साहेबांचं काय करू?

कॅम्पातला पेन्शनर:
ते मानद कॅप्टन असणार. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला निवडक जेसीओंना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. मान मोठा आहे, पण ‘मानद’ शब्द गाळू नको. हवालदारालाही निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदार मिळू शकतं. शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा पूर्ण ऑफिसरही होऊ शकतो हं, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजातून. म्हणून आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश बघ, मग लिही.

सांबऱ्याची सून:
माझे मिस्टर एअरफोर्समध्ये आहेत. इथे सांबऱ्याला एअरमन ट्रेनिंग स्कूल असल्यामुळे आमच्या भागात वॉरंट ऑफिसर बरेच. नावात ‘ऑफिसर’ असलं तरी तो जेसीओच्या बरोबरीचा, सुभेदाराएवढा. सार्जंट म्हणजे हवालदार, कॉर्पोरल म्हणजे नाईक. उलट मिलिटरी नर्सिंगमधल्या सिस्टर मात्र कमिशन्ड ऑफिसर असतात. तुमच्या यादीत कुणी मुलगी ‘नर्स’ म्हणून शेवटी ढकलली नाही ना, तेवढं बघा.

निपाणीकर:
एक सुचवतो. हुतात्म्यांची नावं हुद्द्याप्रमाणे लावू नका, वर्षाप्रमाणे लावा आणि सगळ्यात वर ठेवा. मराठा लाईट इन्फंट्रीचे दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉस (तेव्हाचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळवणारे दोघे घ्या. यशवंत घाडगे नाईक होते, १९४४ ला इटलीत पडले. नामदेव जाधव तर साधे शिपाई. हुद्द्याप्रमाणे यादी केली असती तर दोघं कुठे आले असते? अग्निवीर असतील तर त्यांना तसंच लिहा. २०२२ पासून तो वेगळाच हुद्दा आहे, शिपाई नव्हे.

खानापूरवाला:
दोन दिवस पुन्हा दारोदार फिरलो, या वेळी फोटो आणि पीपीओ बघत. ११ मेजरांपैकी चार हवालदार, तीन नाईक, दोन सुभेदार, एक सुभेदार मेजर आणि एक शिपाई निघाले. शिपाईकाका म्हणाले, “मी कधी म्हटलं रे मेजर? तुम्हीच म्हणता.” नर्सिंगमधल्या एक लेफ्टनंट ताई खरंच यादीत नव्हत्या, त्यांचं नाव घातलं. आणि खरा मेजर एकच सापडला, आर्मी मेडिकल कोअरमधला. तोही माझ्या वहीत नव्हता, कारण त्याला गावात सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात.