‘योगदान’ की ‘हातभार’? आणि पुल रिक्वेस्टला मराठीत काय म्हणायचं?

मालवणहून:
मराठी स्पेलचेकरची शब्दयादी करणारा एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट आहे, त्यातली नवीन लोकांसाठीच्या सूचनांची फाईल मराठीत करतोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. काँट्रिब्यूट करणे म्हणजे ‘योगदान देणे’ असं मी लिहिलं, ते आमच्या वाडीतल्या एका कॉलेजच्या पोरीला वाचायला दिलं तर म्हणते, दादा माझं कसलं योगदान, मी एक शब्द तर घातलाय. खरंय तिचं, योगदान म्हटलं की शाल आणि नारळ आठवतो. आणि तिने घातलेला शब्द कुठला, तर ‘दर्या’! यादीत तो नव्हताच, खाली लाल रेघ यायची आणि ‘दऱ्या’ सुचवायचा, म्हणजे समुद्राचा सह्याद्री करून ठेवलेला. हे किनाऱ्यावरच्या माणसालाच खुपणार ना. मला ‘हातभार लावणे’ बरं वाटतंय. पण पुल रिक्वेस्टचं, म्हणजे ‘माझा बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या’ या विनंतीचं, काय करू? ‘ओढ-विनंती’ लिहून पाहिलं, माझं मलाच कळेना.

कणकवलीहून:
हातभारच ठेवा. ‘वर्गणी’ पैशाची होते, ‘खारीचा वाटा’ म्हटलं की आपणच आपल्याला आधी लहान ठरवतो. पॅचला, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्तीला, मात्र ‘ठिगळ’ नको. मूळ अर्थ तोच आहे, पूर्वी प्रोग्रामच्या पंच केलेल्या कागदी पट्टीवर चुकीच्या भोकांवर खरोखरचा तुकडा चिकटवायचे, पण मराठीत ठिगळ म्हटलं की गरिबी आणि तात्पुरतं काम डोळ्यासमोर येतं. फाटलेलं जाळं आपण सांधतो, चांगलं सांधलं तर कुठे फाटलं होतं ते शोधावं लागतं. ‘सांधणे’ घ्या.

वेंगुर्ल्याहून:
पुलमध्ये सगळे अडकतात कारण ओढणारा कोण तेच कोणी सांगत नाही. आपण कोड पाठवतो मग पुश का नाही, असं मलाही वाटायचं. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, तिथे दुसऱ्याच्या हातात थेट मूळ कोड देत नाहीत, तुम्ही तुमच्या कॉपीत बदल करायचे आणि कळवायचं की माझ्याकडे तयार आहे, तुम्ही ओढून घ्या. गिटमध्ये ‘रिक्वेस्ट-पुल’ नावाची कमांडच आहे. आता रापण, किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी, आठवा. होडी जाळं सोडत अर्धा गोल मारून येते, दोर किनाऱ्यावर देते, पण ओढतात ते किनाऱ्यावरचे, वाळूत टाचा रोवून, पंचवीस-तीस माणसं. होडीतला माणूस जाळं ओढत नाही, हाक मारतो. पुल रिक्वेस्ट म्हणजे ती हाक. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवाले ‘मर्ज रिक्वेस्ट’ (एकत्र करायची विनंती) म्हणतात, नवख्याला ते सोपं जातं, पण त्यात कोण कुणाला सांगतंय ते हरवतं.

मालवणहून:
हे रापणीचं मला आधी सुचायला हवं होतं, आमच्या दारातून दिसते. आता असं लिहिलंय: ‘हातभार लावायचा असेल तर आपल्या प्रतीत बदल करा आणि आम्हाला तो ओढून घ्यायला सांगा (पुल रिक्वेस्ट).’ शब्द तोच ठेवला, बटणावर तोच दिसणार, अर्थ आधी सांगितला. ‘प्रत’ फोर्कसाठी, म्हणजे मूळ प्रोजेक्टच्या आपल्या कॉपीसाठी, चालेल ना? ‘फाटा’ मी ब्रँचसाठी, म्हणजे एकाच प्रोजेक्टमधल्या वेगळ्या वाटेसाठी, राखून ठेवलाय. आणि मेन्टेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, ‘तांडेल’ (होडीचा प्रमुख) लिहायचा फार मोह होतोय, पण चंद्रपूरच्या पोराला कळेल का?