शब्दचर्चा: गाण्यात त्याला काय म्हणू?

कोपरा:
सहा वर्षं आम्ही दोघं पुरुष एकत्र राहतोय. त्याच्यावर गाणं लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. 'प्रियकर' संगीत नाटकातला वाटतो. 'पार्टनर' म्हटलं की भागीत दुकान काढल्यासारखं. 'समलिंगी' 2018 साली 377च्या निकालाच्या बातमीत ठीक होता, चालीवर कसा गाणार? 'जोडीदार' जवळचा, पण त्याला वधू-वर सूचक मंडळाचा वास येतो.

अनुस्वार:
'सखा', 'साजणा' काय वाईट? विराणी घ्या, लावणी घ्या, लिहिणारे बहुतेक पुरुषच.

कोपरा:
हो, पण बाईच्या तोंडून. मला तोच आडोसा नकोय.

ओटीवरून:
मग 'मैत्र'?

अनुस्वार:
पसायदानातलं 'मैत्र' म्हणजे मैत्री, माणूस नव्हे. शिवाय ते नपुंसकलिंगी. हल्ली 'माझा मैत्र' सर्रास लिहितात, मला खटकतं.

ओटीवरून:
नपुंसकलिंगीच हवं तर 'माझं माणूस' म्हणा की. किती मायेचं आहे!

कोपरा:
आमची आई फोनवर तेच म्हणते, "तुझं ते माणूस जेवलं का?" माया आहेच त्यात. पण शेजारची काकू बाजूला बसलेली असते, म्हणूनही ते 'माणूस' असतं.

अनुस्वार:
मग नामाचा नाद सोडा, क्रियापदं बघा. मराठीत भविष्यकाळाला लिंग नाही. 'मी येईन', 'तू थांबशील' कोणीही कोणालाही म्हणावं. 'मी तुला पाहिलं' यातही दोघं झाकलेले. अख्खं गाणं असं लपून लिहिता येतं. 'मी थांबलो, तू आलास' म्हटलं की मात्र सुटका नाही. मात्रांची सबबही चालायची नाही, 'आलास' आणि 'आलीस' दोन्ही पाचच.

कोपरा:
आत्ता वही काढून बघितली. सगळं 'येशील', 'बसशील', 'राहशील'! मला वाटत होतं मी स्वप्नाळू लिहितोय. नवी ओळ: 'पाहुणे यायचे म्हणून तू दुसरी गादी घातलीस.' हे खरंच घडतं, नातलग आले की आम्ही रूममेट होतो.

अनुस्वार:
ओळ झकास, पण पुन्हा लपलात. 'घातलीस' गादीच्या लिंगानं चालतं, घालणारा कोण ते कळत नाही.

कोपरा:
च्यायला, खरंच की. मग 'दुसरी गादी घालून तू हसलास'?

अनुस्वार:
आता तो दिसला. नाव न घेताही.

कोपरा:
रात्री त्याला वाचून दाखवली. लसूण सोलता सोलता म्हणाला, "नाव नको घालूस, 'लास' ठेव. पण मी हसलो कधी? वैतागलो होतो." म्हणजे 'वैतागलास'. तीन मात्रा वाढल्या. चाल बदलतोय.