कर्ज कागदावर उतरवलं आणि कुणाला तरी दाखवलं : तुमचे अनुभव सांगा

माझी वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. जून २०२१ मध्ये नागपूरच्या महाल भागातून घेतली. एप्रिलमध्ये बाबा गेले होते. कोरोनाच्या त्या एप्रिलात नागपुरात काय चाललं होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. दवाखाना, औषधं, नंतरचे दिवसपाणी, सगळं होईपर्यंत कोणाकडून किती घेतलं याचा माझ्याकडे धड हिशोबच नव्हता. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "असतील दोन-अडीच लाख." मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं.

यादी करायला तीन संध्याकाळी लागल्या. क्रेडिट कार्ड ८०,०००. वैयक्तिक कर्ज २,६०,०००. जिजाजींकडून हातउसने ६०,०००. दोन बांगड्या गहाण ठेवून २५,०००. बेरीज ४,२५,०००. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली होती आणि तिच्यात सव्वाचार लाखांचं देणं होतं.

त्या रात्री मी त्या पानाचा फोटो अमरावतीच्या बहिणीला पाठवला. का पाठवला ते आजही नीट सांगता येत नाही, पण पाठवल्यावर झोप लागली. मग तसंच ठरलं : दर महिन्याच्या ५ तारखेला पान लिहायचं आणि तिला पाठवायचं. ती सल्ले देत नसे. बहुतेक वेळा एकच शब्द लिहायची, "पाहिलं."

ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, मी पोराला हप्त्यावर मोबाइल घेऊन दिला. नोव्हेंबरच्या ५ तारखेला पान पाठवलं नाही. ६ तारखेला सकाळीच तिचा फोन, "पान कुठाय?" मी रडले आणि मोबाइलचे १४,००० त्या पानात लिहिले. तो फोन आला नसता तर मी पुढच्या महिन्यातही काही पाठवलं नसतं आणि हळूहळू वहीच बंद पडली असती, याची मला खात्री आहे.

वहीने मला एक गोष्ट दाखवली, ती इथे मुद्दाम सविस्तर लिहिते. कार्डाच्या बिलावर "किमान देय रक्कम ४,०००" असं यायचं. वर्षभर मी तेवढेच भरत होते आणि कर्ज फेडतेय असं समजत होते. वहीत मी एक रकाना केला, "मुद्दल किती घटलं". माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ८०,००० वर २,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. मी भरलेल्या ४,००० मधून मुद्दलात गेले फक्त ६९६. वर मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे त्याच कार्डावर घेतलेला किराणासुद्धा व्याजाचा होता.

हे दिसल्यावर उरलेल्या दोन बांगड्या इतवारीच्या सराफ्यात विकल्या आणि कार्ड एकरकमी मोकळं केलं. आईला ते फार लागलं. पण ऑफिसजवळच्या तर्री-पोह्याचे रोजचे पैसे वाचवून सव्वाचार लाख फिटत नाहीत. आधीचे सहा महिने मी तेच करत होते, आणि रोज स्वतःला दोष देत होते. पैसे पोह्यात जात नव्हते, व्याजात जात होते.

शेवटचा हप्ता ५ सप्टेंबर २०२४ ला गेला. तान्हा पोळा नुकताच झाला होता, मारबतीची मिरवणूक दोनच दिवसांपूर्वी निघाली होती. बहिणीने त्या दिवशी "पाहिलं" लिहिलं नाही, बसने घरी आली.

आता तुमचं सांगा. तुम्ही लिहून ठेवलं का? कुणाला दाखवलं? त्याने काय झालं, बरं-वाईट दोन्ही लिहा. बँकेचं, माणसाचं नाव नको, खात्याचा नंबर तर मुळीच नको.

* * *

सक्करदरा, शिवणकाम

(आई बोलते तसंच मी, तिची मुलगी, लिहून राहिली आहे.)

माह्यावर तीन ठिकाणचं कर्ज होतं. एकाचा हप्ता सोमवारी, एकाचा गुरुवारी, एकाचा पंधरा दिवसांनी. कोणाचा हप्ता कोणाच्या पैशानं भरला हे मलेच समजत नव्हतं. बुधवार बाजाराच्या दिवशी ब्लाऊजचे पैसे हाती आले की गुरुवारी गेले.

आमच्या बचत गटात महिन्याला २०० रुपये जमा करतो आम्ही, अन् बैठकीत रजिस्टर मोठ्यानं वाचून दाखवतात. कोणाची बचत किती, कोणानं कर्ज घेतलं, कोणाचं थकलं. मी तिथं आठ वर्षांपासून बसून राहिली होती, पण बाहेरच्या कर्जाबद्दल एक शब्द काढला नव्हता. मग एका बैठकीत आमच्या सचिव ताईनं सांगितलं, बाहेरचं देणंही लिहायचं, नाहीतर गटातून नवीन कर्ज भेटणार नाही. मी लिहिलं. तीन मिळून ७४,०००. माह्यानंतर चार जणींनी लिहिलं. माह्या समोर राहणाऱ्या बाईनंही. दोघी एकमेकींपासून लपवत होतो, अन् हप्ता घ्यायला येणारा पोरगा एकच होता.

हिशोब केला तर महिन्याचे सगळे हप्ते ९,२००, अन् घरात येत होते १६,०००. ताईनं सांगितलं, असे सगळे हप्ते मिळून घरच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायला नको, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. मले कोणी विचारलंच नव्हतं, अन् मीही सांगितलं नव्हतं.

वरच्या ताईनं जास्त व्याजाचं आधी फेडलं. मी तसं नाही केलं. मी सगळ्यात लहान, १२,००० चं होतं, ते गटातून पैसे घेऊन आधी संपवलं. व्याजाचा विचार केला तर चूक असेल. पण सोमवारचा माणूस दारावर यायचा बंद झाला नं! पोरी शाळेतून यायच्या तेव्हा तो ओट्यावर बसून राहायचा. ते बंद झालं. मग सोमवारचे पैसे गुरुवारच्यात टाकले. दोन संपले, तिसऱ्याचे सात हप्ते राहिले. दर बैठकीत माह्या नावापुढचा आकडा वाचतात तेव्हा आता मान खाली जात नाही.

* * *

मिहानमध्ये नोकरी, वय २८

माझं मोबाइल ॲपवरचं कर्ज. पहिलं ५,००० चं, हातात आले ३,२००, सात दिवसांनी भरायचे ५,०००. ते भरायला दुसरं ॲप, त्यासाठी तिसरं. चार महिन्यांत सात ॲप झाले. आठव्या दिवशी शिव्या सुरू व्हायच्या आणि धमकी एकच, "तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना कळवू." ॲप टाकताना मी कॉन्टॅक्ट बघायची परवानगी दिली होती.

मी त्यांना घाबरत नव्हतो. आईला कळेल याला घाबरत होतो. म्हणूनच मी आठवं ॲप शोधत होतो.

रूम पार्टनरने एका रात्री मला बसवलं आणि एक मेसेज लिहायला लावला. चार ओळी : मी अमुक ॲपवरून कर्ज घेतलं, माझ्या नावाने घाणेरडे मेसेज किंवा फोटो आले तर ते खोटे आहेत, उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा. आधी आईला फोन केला, मग तो मेसेज दोनशे जणांना पाठवला. ऑफिसच्या मॅनेजरलाही. आई म्हणाली, "जेवला का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर मेसेज पाठवले, पण ते पोचायच्या आधी माझं पोचलं होतं.

मग दर कॉलची नोंद ठेवायला लागलो : तारीख, वेळ, नंबर, काय बोलले. तीच नोंद घेऊन सायबर पोलिसांकडे गेलो आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार टाकली. तेव्हा कळलं की वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नसतो, आणि नियमाने चालणाऱ्या कर्जाच्या ॲपला तुमची कॉन्टॅक्टची यादी बघायची मुभाच नाही. कर्ज खरंच कोणती बँक किंवा वित्तसंस्था देते आहे तेही आधी स्पष्ट सांगावं लागतं. माझ्या सातपैकी पाच ॲपच्या मागे अशी संस्थाच सापडली नाही. बाकी दोघांचे पैसे मी पूर्ण फेडले. ते देणं खरं होतं.

कोणी वाचत असेल आणि आठवं ॲप शोधत असेल तर आधी एका माणसाला सांगा. आजच.

* * *

त्रिमूर्तीनगर

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे असायला हवा म्हणून लिहितो.

मीही उघडपणे लिहिलं होतं. आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नावानिशी, रकमेसकट. दुकान बंद पडलं होतं, साडेसहा लाखांचं देणं होतं. वाटलं, आपलीच माणसं आहेत. पंधरा दिवसांत ते मुलीच्या होणाऱ्या सासरच्या लोकांपर्यंत गेलं. लग्न झालं, देवाच्या दयेने, पण लग्नाच्या बैठकीत मला जे ऐकावं लागलं ते मी विसरलेलो नाही. मुलीने ऐकलं, हे जास्त लागतं.

दुसरं, त्याच ग्रुपमधून नंबर मिळवून एकाचा फोन आला : कर्ज निम्म्यात मिटवून देतो, १५,००० आगाऊ द्या, आणि तोवर हप्ते भरू नका. मी दिले. चार हप्ते चुकले. तो माणूस पुढे फोन उचलेना. शेवटी मीच बँकेत गेलो, तडजोड केली. पण सिबिलच्या (कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात त्या कर्जापुढे "सेटल्ड" असं लागलं, "क्लोज्ड" नाही. याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत. तो शेरा बघून दोन बँकांनी मला परत पाठवलं. निम्म्यात सुटल्याचा आनंद तेव्हाच संपला. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. मी तो आधी मागवला असता तर निदान काय पणाला लागलंय ते कळलं असतं.

लिहा जरूर, पण कोणाला दाखवायचं ते नीट निवडा. मी आता फक्त लहान भावाला दाखवतो.

* * *

धरमपेठ, निवृत्त शिक्षिका

थोडंच लिहिते. आमचं घरकर्ज वेळेआधी फिटलं, कारण ह्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला उरलेलं मुद्दल लिहायची सवय लावली. पाहुणे यायचे, वाचायचे, मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर शेजारच्या वहिनींनीही त्यांच्या कॅलेंडरवर सुरू केलं. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जात आधी पैसे भरले तर दंड लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि कर्ज संपल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायलाच हवीत. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आमची एकविसाव्या दिवशी आली.

* * *

नंदनवन

दोन दिवसांपासून हे सगळं वाचतोय. मी कधी कुठे लिहिलेलं नाही. बायकोला अर्धंच माहीत आहे. मोठ्या भावाला काहीच नाही.

मोटरसायकलचं कर्ज ४१,०००.
सोसायटीचं कर्ज १,५०,०००.
कार्ड ६३,४००.
मित्राचे ३०,०००.
दुकानाचा माल उधारीवर २८,०००.

बेरीज आत्ताच केली. ३,१२,४००.

मोटरसायकलचं व्याज १२ टक्के सांगितलं होतं. एक लाख घेतले तेव्हा ३६ महिने, हप्ता ३,७७८. हे बरोबर आहे का?

* * *

(नंदनवनच्या दादांना, ही चर्चा सुरू करणारीकडून)

दादा, ते १२ टक्के "फ्लॅट" आहेत. तीन वर्षं पूर्ण एक लाखावर व्याज धरलंय, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर तेच व्याज जवळपास २१ टक्के होतं. तरी तुमचं कार्ड त्याहून महाग असणार. उद्या बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा : कार्डाचं महिन्याचं व्याज किती, आणि मोटरसायकलचं कर्ज आज बंद केलं तर नेमके किती भरावे लागतील. उत्तर कागदावर लिहून घ्या. सोसायटीच्या पासबुकात व्याजाचा दर लिहिलेला असतो, तोही बघा.

आणि ही यादी आज रात्री वहिनींना दाखवा. पूर्ण. पुढच्या ५ तारखेचं पान आमच्याकडे पाठवलंत तरी चालेल, मी "पाहिलं" लिहीन.