मेमरी कार्ड उघडत नाही, वीरगळांचे 412 फोटो अडकलेत. लिनक्सवर काढता येतील का?

माणदेशी:

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे) शोधायच्या, मोजमाप घ्यायचं, फोटो काढून ठेवायचे, असं गेली सहा वर्षं चाललंय.

रविवारी एका गावात देवळामागे ओळीने उभे अकरा दगड सापडले. देवळाचा जीर्णोद्धार सुरू आहे. गवंडी म्हणाला, येत्या आठवड्यात हे दगड नव्या ओट्यात बसवणार आणि वरून ऑइलपेंट देणार. एकदा रंग बसला की त्यावरचं बारीक काम कायमचं बुजतं, हे मी दुसऱ्या दोन गावांत डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सकाळी सातलाच तिथे उभी राहिले. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हाच दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं, डोक्यावर आलं की सगळं सपाट. खालच्या चौकटीत गाईंची रांग आणि पडलेला वीर, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. शेवटी एक सतीशिळा, कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. त्या बांगड्या मोजता येतील इतक्या जवळून काढल्या होत्या. एकूण 412 फोटो.

बॅटरी संपत आली होती. घाईत, कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच मी कार्ड बाहेर ओढलं. घरी लॅपटॉपला लावलं तर उघडतच नाही. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं काहीतरी येतं. कॅमेऱ्यात घातलं तर तो म्हणतो फॉरमॅट करा. तालुक्याच्या गावी एका मोबाइलच्या दुकानात दाखवलं, तो मुलगाही फॉरमॅटच करायला निघाला होता. कार्ड परत घेऊन आले.

कार्ड 32 जीबीचं आहे. लॅपटॉप जुना, भाच्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलंय. टर्मिनल उघडून सांगितलेली आज्ञा टाइप करता येते, त्यापुढचं मला येत नाही. फोटो परत येतील का? आणि काय करायचं नाही ते आधी सांगा.

घाटमाथा:

माझ्या पेनड्राइव्हचं असंच झालं होतं. एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा चालवली, मिनिटभरात ठणठणीत. तेच करून बघा.

रात्रपाळी:

ताई, कृपा करून कार्डावर एफएससीके चालवू नका. घाटमाथा, तुमचा पेनड्राइव्ह वाचला, आनंद आहे. पण एफएससीकेचं काम फाइली वाचवायचं नाही, फाइल सिस्टिमचा, म्हणजे कार्डावरच्या नोंदींचा, हिशेब जुळवायचं आहे. जो तुकडा कुठल्या फाइलचा ते कळत नाही, तो एकतर सोडून देतं, नाहीतर 'एफएससीके0000.आरईसी' अशा नावाने एका ठिकाणी गोळा करतं. आणि हे सगळं मूळ कार्डावरच लिहितं. एकदा लिहिलं की मागे फिरता येत नाही.

आता घाबरू नका. तुमच्या कार्डात काय झालं असावं ते सांगतो. कोणत्या फोटोचा कोणता तुकडा कुठे आहे, याची नोंद कार्डाच्या सुरुवातीला एका तक्त्यात असते. तो म्हणजे सातबारा समजा. तुम्ही कार्ड ओढलं तेव्हा कॅमेरा नेमका तिथेच लिहीत असणार. सातबारा फाटला म्हणून जमीन कुठे जात नाही. फोटो आपापल्या जागी आहेत, फक्त कोणाचं शेत कुठलं ते सांगणारा कागद राहिला नाही.

आणि प्रत्येक शेताच्या बांधावर दगड असतो. जेपेग (जेपीजी) फोटो असेल तर त्याचे पहिले तीन बाइट ठरलेले: एफएफ, डी8, एफएफ. फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम सातबाऱ्याकडे बघतच नाही. सगळं कार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि असे दगड शोधतो. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिहिलाय, मोफत आणि मुक्त आहे. टेस्टडिस्क हे त्याचंच भावंड, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतात.

पण फोटोरेक नंतर. पहिलं काम कार्डाची हुबेहूब प्रत.

कार्डाच्या डाव्या कडेला छोटी सरकपट्टी आहे, ती 'लॉक'कडे सरकवा. मग कार्ड लावा. मिंट स्वतःहून उघडायला गेलं तर खिडकी बंद करा. पॅकेज मॅनेजरमधून 'जीडीडीरेस्क्यू' (प्रत काढणारा प्रोग्रॅम, त्याची आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू) आणि 'टेस्टडिस्क' घ्या. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके टाइप करा (अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत), जोडलेल्या डिस्कची यादी येईल, त्यात 29.7 जी दिसेल ते तुमचं कार्ड. लॅपटॉपच्या खाचेत असेल तर नाव बहुतेक एमएमसीबीएलके0, यूएसबी रीडरमध्ये असेल तर एसडीबी किंवा एसडीसी. 32 चे 29.7 कसे झाले म्हणून बिचकू नका, कंपनी हजाराने मोजते आणि संगणक 1024 ने.

मग सुडो डीडीरेस्क्यू, पुढे डॅश डी, डॅश एन, मग कार्डाचं नाव, मग प्रतीच्या फाइलचं नाव, शेवटी नोंदवहीच्या फाइलचं नाव. क्रम हाच: आधी कार्ड, मग प्रत. उलटं झालं तर डीडीरेस्क्यू स्वतःच अडून बसतं, पण कोणी 'डॅश एफ लाव, चालेल' म्हणालं तर ऐकू नका. ते अडून बसणं हीच काय ती कडी, डॅश एफने ती निघते.

या पहिल्या फेरीत सहज वाचता येतं ते सगळं येईल. दुसऱ्या फेरीत डॅश एनच्या जागी डॅश आर3 घालून तीच आज्ञा द्या. राहिलेल्या जागा तीन-तीनदा वाचून बघेल. नोंदवही असल्यामुळे झालेलं काम पुन्हा करत नाही. मध्ये वीज गेली तरी चालेल.

एलएसबीएलकेमध्ये कार्ड दिसतच नसेल किंवा 0 बाइट दाखवत असेल, तर थांबा आणि इथे कळवा. मग कार्डातला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) गेला असं समजायचं आणि तिथे आपलं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

माणदेशी:

दादा, खूप आभार. कार्ड दिसतंय, 29.7 जी. पण प्रत करताना 4294 एमबीवर थांबलं, 'फाइल टू लार्ज' म्हणतं. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर तिथेच. लॅपटॉपवर जागा नाही म्हणून शाळेच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर घेत होते. त्यात 200 जीबी मोकळे आहेत. कार्ड तिथेच खराब झालंय का? रात्री नीट झोप लागली नाही, स्पष्टच सांगते.

रात्रपाळी:

कार्ड बरं आहे. दोष त्या हार्डडिस्कच्या घडणीत आहे. ती फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेली असणार. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, डिस्क कितीही रिकामी असू दे. 4294 एमबी हा आकडा तोच. दुसरी डिस्क घ्या, एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी4 मधली. किमान 70 जीबी मोकळी हवी. 32 प्रतीला, तेवढेच निघालेल्या फोटोंना, थोडी वर. शाळेची डिस्क फॉरमॅट करू नका, त्यात कोणाकोणाचं काय असेल.

माणदेशी:

शेजारच्या ग्रंथपालांची डिस्क मिळाली. पहिली फेरी बावीस मिनिटं, दुसरी पाऊण तास. शेवटी वाचलेलं 99.99 टक्के, खराब जागा 3, सगळ्या मिळून 196 केबी. ही आता माझ्याकडे एक मोठी फाइल आहे. कार्ड काढून डबीत घालून देवघराच्या फडताळात ठेवलंय, कोणी हात लावणार नाही.

पुढे काय?

रात्रपाळी:

फार छान. आता जे काही करायचं ते त्या फाइलवर.

आधी टेस्टडिस्क करून बघा, तेही प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर. फॅट32 मध्ये सुरुवातीच्या बूट सेक्टरची, म्हणजे मांडणी सांगणाऱ्या पहिल्या तुकड्याची, जादा प्रत सहाव्या सेक्टरवर ठेवलेली असते. ती शाबूत असेल तर टेस्टडिस्कमध्ये 'ॲडव्हान्स्ड', मग 'बूट', मग 'बॅकअप बीएस'. जमलं तर फोटो मूळ नावांसकट मिळतील. मूळ बूट सेक्टर आणि जादा प्रत, दोन्हींपुढे 'बॅड' दिसलं तर वेळ घालवू नका, सरळ फोटोरेक.

फोटोरेकला ती फाइल द्या. विभाग विचारेल तिथे 'होल डिस्क'. 'फाइल ऑप्ट'मध्ये जाऊन एस दाबा, सगळ्या खुणा निघतील. मग फक्त जेपीजीवर स्पेस दाबून खूण करा, नाहीतर नको त्या शेकडो फाइली निघतात. पुढे 'अदर', त्यापुढे 'होल'. कुठे ठेवायचं ते विचारेल तेव्हा नवा फोल्डर दाखवा आणि सी दाबा.

माणदेशी:

दोन्हींपुढे 'बॅड'च होतं. फोटोरेक लावलं.

आलेत! 'रिकअप_डिर' नावाचे फोल्डर तयार झाले, एकात पाचपाचशे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आणि मागच्या वर्षीच्या शिंगणापूरच्या यात्रेचेही फोटो निघालेत. कार्ड मी मधल्या काळात दोनदा कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं होतं, तरी ते होते. पहिला उघडला तो रविवारचाच निघाला, चौथ्या वीरगळाची खालची चौकट, गाईंच्या शिंगांवर ऊन. मी अक्षरशः रडले.

पण नावं सगळी एफ आणि पुढे आकडे. शिवाय काही फोटोंचा वरचा भाग नीट आणि खालचा अर्धा करडा. एकात तर खाली स्नेहसंमेलनाचा पडदा आलाय.

पाटी-पेन्सिल:

ताई, मधेच बोलतो. मी लग्नाचे फोटो काढतो, हे मला दोनदा करावं लागलंय.

तो एफपुढचा आकडा म्हणजे फोटो कार्डावर ज्या सेक्टरपासून सुरू होतो तो क्रमांक. त्यामुळे आकड्याने लावले तरी साधारण काढल्याच्या क्रमाने लागतात. पण त्याहून चांगलं, एक्झिफटूल घ्या. मिंटमध्ये पॅकेजचं नाव लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल. प्रत्येक फोटोच्या आत कॅमेऱ्याने काढल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते, ती वाचून एक्झिफटूल तेच नाव देतं. रविवारचे 412 क्षणात वेगळे होतील. आधी दोन-चार फोटोंच्या प्रतीवर करून बघा, मग सगळ्यांवर. टी ने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली पुसू नका. का, ते रात्रपाळींनी सांगावं, ते माझ्यापेक्षा नीट सांगतात.

रात्रपाळी:

करड्या फोटोंचं कारण पुन्हा सातबाऱ्यातच आहे. कार्डाची जमीन वाफ्यांत वाटलेली असते, 32 जीबीच्या कार्डात एक वाफा बहुधा 32 केबीचा. साडेसहा एमबीचा फोटो म्हणजे दोनशे वाफे. फोटोरेक धरून चालतो की ते दोनशे सलग आहेत. कॅमेरा रिकाम्या कार्डावर सलगच लिहितो. पण मधले फोटो एकेक करून पुसले असतील तर मोकळ्या झालेल्या जागेत नवा फोटो अर्धा बसतो आणि उरलेला लांब दुसरीकडे जातो. एकाच माणसाची जमीन दोन तुकड्यांत. मग अर्ध्यापुढे शेजाऱ्याचं शेत लागतं. पडदा तिथून आला.

टीवाल्या फाइली म्हणजे त्याच फोटोंच्या पोटातली छोटी चित्रं. ती फोटोच्या अगदी सुरुवातीला असतात, म्हणून मोठा फोटो अर्धा गेला तरी ती बहुतेक पूर्ण असतात. आकार 160 बाय 120, छापण्यासारखा नाही, पण दगडावर काय होतं याचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

त्या 196 केबीसाठी एक करून बघा. वेगळा कार्ड रीडर मिळवा, कार्ड त्यात लावा आणि तीच प्रत, तीच नोंदवही देऊन डीडीरेस्क्यू पुन्हा चालवा. कार्डाचं नाव मात्र बदलेल, एलएसबीएलके पुन्हा बघा. काही जागा एका रीडरला वाचता येत नाहीत, त्या दुसऱ्याला येतात.

माणदेशी:

हिशेब सांगते. 412 पैकी 401 पूर्ण. 7 अर्धे करडे होते, 4 कुठेच नव्हते. भाच्याने पुण्याहून येताना नवा रीडर आणला, काल रात्री तिसरी फेरी केली. तीनपैकी एक खराब जागा वाचली. फोटोरेक पुन्हा चालवलं, हरवलेल्या चारांतले दोन पूर्ण निघाले.

एकेक करून पुसलेलं बरोबर होतं. देवळापाशी बसूनच मी हललेले फोटो पुसत होते.

सगळे दोन डिस्कवर ठेवलेत, एक माझ्या घरी, एक ग्रंथपालांकडे. आज सकाळी त्या गावात जाऊन आले. दगड ओट्यात बसवून झालेत, रंगाचे डबे आलेत. सरपंचांना लॅपटॉपवर फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, निदान तीन दगडांना रंग देत नाही, कोणते ते तुम्ही सांगा. मी गाईंवाला चौथा, कडेचा नववा आणि सतीशिळा सांगितली.

सतीशिळेचा जवळून काढलेला फोटो त्या सात अर्ध्यांमध्येच आहे. मनगटापासून खाली करडा. पण टीवाली छोटी फाइल आहे. डोळे बारीक करून बांगड्या मोजल्या, पाच दिसतात. उद्या सातला पुन्हा जाऊन प्रत्यक्ष मोजते.